चिमणी शिकारीला निघते

शिकारी कुत्र्याला शिकार शिकवावी लागत नाही. शिकवावं लागतं ते गप उभं राहायला. एवढी गोष्ट कोणी वेळेवर सांगितली असती तर आमच्या घरात वीस हात लांबीचे दोर, तऱ्हेतऱ्हेच्या शिट्ट्या, स्प्रिंगचे पिंजरे, प्लायवूडचा एक कुत्रा आणि कबुतरांचं खुराडं एवढा पसारा आला नसता, असं लिहिणार होते. पण तो आलाच असता. आमच्या ह्यांना एखाद्या विषयाची गोडी लागली की त्या विषयाचं सामान आधी येतं, ज्ञान मागाहून, सवडीनं.

ह्यांनी जन्मभर मोटारींच्या ब्रेकचं काम केलं. आधी पिंपरीत, मग डेट्रॉइटला. निवृत्तीनंतर आम्ही मिशिगनच्या वरच्या अंगाला, ग्रेलिंगजवळ, ऑ साबल नदीपासून थोड्या अंतरावर घर घेतलं. इकडे माणसं कमी, झाडं फार. तोडलेल्या जंगलात पुन्हा दाट उगवून आलेली ॲस्पेनची कोवळी रानं, आणि सखल, ओल्या जागी आल्डरची गर्दी. ह्या रानात दोन पक्षी राहतात, आणि त्यांच्यापायी सप्टेंबरचा मध्य उलटला की इथल्या पुरुषांच्या आज्या एकाएकी आजारी पडतात. एक रफ्ड ग्राउज, आपल्या तित्तराच्या कुळातला, पण अंगानं चांगला मोठा. दुसरा वुडकॉक: लांब चोच, आखूड पाय, आणि डोळे इतके मागे सरकलेले की चोच चिखलात खुपसून गांडुळं काढताना त्याला पाठीमागचंही दिसतं. दोघंही पाचोळ्याच्या रंगाचे. पायाखाली येईपर्यंत माणसाला दिसत नाहीत. म्हणून कुत्रा लागतो.

पाऊण मैलावरचे आमचे सख्खे शेजारी तरुणपणापासून इंग्लिश सेटर पाळत आले आहेत. आम्ही घरात त्यांना ‘बुवा’ म्हणतो. का, ते पुढे येईलच. बुवांच्या कुत्रीला पिल्लं झाली तेव्हा आमचे हे ती बघायला गेले आणि शब्द देऊन आले.

“अहो, आपण शाकाहारी माणसं. शिकारी कुत्रं घेऊन काय करणार?”

“तीसुद्धा पक्षी खात नाही. तो कुठे आहे एवढंच दाखवते.”

मला ती सबब लंगडी वाटली होती. ती तंतोतंत खरी निघाली.

आठ आठवड्यांचं झाल्यावर पिल्लू घरी आलं. इंग्लिश सेटर जन्मतात तेव्हा बहुतेक पांढरेफटक असतात, ठिपके मागाहून उमटतात. आमच्या पिल्लाच्या कानांवर आणि नाकाडावर काळी-करडी बुट्टी दिसायला लागली, म्हणून मी तिचं नाव चिमणी ठेवलं. बुवांनी अर्थ विचारला, आणि मी सांगितल्यावर ते इतके हसले की त्यांना बाकावर बसावं लागलं. पक्षी शोधणाऱ्या कुत्रीचं नाव पक्ष्याचं! तीन अक्षरं त्यांच्या जिभेला जड गेली. त्यांनी तिची ‘चिम’ केली. पिल्लाला तेच पसंत पडलं.

पहिल्याच आठवड्यात बुवा मासे धरायची काठी घेऊन आले. दोरीचा गळ काढून तिथे ग्राउजचा वाळलेला पंख बांधलेला. पंख गवतावर टेकवला की पिल्लू झेप घेई, बुवा काठी उचलत, पंख हवेत आणि पिल्लाचं तोंड मातीत. असं थोडा वेळ चाललं. मग एकदा पंख खाली टेकला आणि चिमणी धावलीच नाही. दोन हातांवर येऊन थबकली. शेपटी हळूहळू वर गेली, पुढचा उजवा पाय दुमडून छातीशी आला, मान लांब झाली आणि त्या एवढ्याशा देहात नाकापासून शेपटीपर्यंत बारीक थरथर सुरू झाली. नाकावर माशी बसली. ती उडवण्याइतकंही तिला भान नव्हतं. आईला असं करताना तिनं पाहिलं नव्हतं, आम्ही कोणी काही सांगितलं नव्हतं. ह्याला पॉइंट म्हणतात. ह्यांनी व्हिडिओ काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. धाकट्या जाऊबाईंचं उत्तर लगेच आलं: “पायात काटा गेलाय वाटतं तिच्या. हळद लावा.”

ह्यांना तो खेळ महिनाभर तरी खेळायचा होता. बुवांनी दोन दिवसांत काठी गुंडाळून नेली. पंख डोळ्यांना दिसतो; रानातला पक्षी दिसत नाही, त्याचा फक्त वास येतो. डोळ्यांवर विसंबायची सवय लागली तर नाक आळशी होतं. व्हिडिओ काढण्यापुरता तो खेळ ठीक आहे, असं बुवांचं मत.

पण चिमणीच्या त्या दुमडलेल्या पायानं मला पुस्तकांत शिरायला लावलं. १८५९ साली इंग्लंडात दोन गोष्टी घडल्या. जूनमध्ये न्यूकॅसलला कुत्र्यांचं पहिलं रीतसर प्रदर्शन भरलं. साठ कुत्री, सगळी पॉइंटर नाहीतर सेटर, आणि बक्षीस म्हणून बंदुका. सेटरांचं बक्षीस पॉइंटरांच्या एका परीक्षकाच्या कुत्र्याला मिळालं, आणि पॉइंटरांचं सेटरांच्या एका परीक्षकाच्या. (आपल्याकडच्या साहित्य पुरस्कारांनाच लोक उगाच नावं ठेवतात.) नोव्हेंबरात डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ बाहेर पडला. त्यात हे गृहस्थ लिहितात, की कोवळे पॉइंटर पहिल्यांदाच रानात नेले तरी कधीकधी आपसूक पॉइंट करतात, आणि असं होताना त्यांनी स्वतः पाहिलं होतं. पुढे ते म्हणतात, की धन्याला मदत होते म्हणून आपण हे करतोय याची त्या पिल्लाला तितकीच कल्पना असते, जितकी फुलपाखराला आपण कोबीच्याच पानावर अंडी का घालतो याची. झेप घेण्याआधी प्रत्येक शिकारी जनावर क्षणभर दबा धरतं. माणसानं पिढ्यान् पिढ्या निवड करून तो क्षण ताणला. ताणता ताणता तो एवढा लांबला की झेप बाजूलाच राहिली.

आणि हे उडत्या पक्ष्यांवर बंदूक चालवायच्याही आधीपासून चालू आहे. १५७० साली जॉन कीज नावाच्या डॉक्टरनं (केंब्रिजच्या एका कॉलेजाला त्याचं नाव आहे) इंग्लंडच्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये छोटं पुस्तक लिहिलं. त्यातला एक कुत्रा पक्ष्याचा सुगावा लागला की पोट जमिनीला लावून सरपटत जातो आणि जागा दाखवून तिथेच पडून राहतो. मग माणसं येऊन जाळं पसरतात. त्या काळी जाळं कुत्र्यासकट सगळ्यांवरून ओढलं जाई. चिमणीचे पूर्वज ते. अंगावर जाळं पडतंय आणि आपण हलायचं नाही, ह्याला काय म्हणावं! आपल्याकडे हे काम कुत्र्याला दिलंच नाही. गाय पारधी नावाची जी पारध्यांची पोटजात आहे, ती माणसं शिकवलेली गाय चरत चरत पक्ष्यांकडे नेत आणि तिच्या आडून फासे लावत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते बेकायदा ठरलं. कायदा हवाच होता. पण गाईला पक्ष्यांकडे आडवंतिडवं चरत जायला कसं शिकवत असतील, हे विचारायला मला आता माणूस मिळणार नाही.

चिमणीच्या धड्यांना खरा पक्षी हवा म्हणून आणलेल्या कबुतरांचं खातं माझ्याकडे आलं, कारण खुराडं झाडायला ह्यांची कंबर धरते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये कबुतरांशी माझं उभं वैर होतं. कुंडीत अंडी, एसीच्या मागे काड्या, पहाटे पाचपासून घुटर्घू. शेवटी माणूस बोलावून बाल्कनीला जाळी मारून घेतली होती. २०२५ साली दादरच्या कबुतरखान्याचं प्रकरण हायकोर्टात गाजत होतं, तेव्हा मी इथे रोख पैसे मोजून कबुतरं विकत घेत होते आणि मक्याच्या दाण्याची प्रत बघत होते. ही घरी परतणारी जात. काही आठवडे खुराड्यात ठेवायची, मग जवळून सोडायची, मग लांबून. धडा आटपून आम्ही गाडीनं घरी पोचेपर्यंत ती छपरावर बसून दाण्यासाठी कुरकुरत असतात. त्यांना धड्यात कोणी इजा करत नाही. ती कामावर जातात, काम करतात, परत येतात. आमच्या घरात नियमित नोकरी करणारी आता तीच उरली आहेत.

धड्यासाठी कबुतराला गवतात झोपवावं लागतं. दोन्ही हातांनी पंखांवरून धरायचं, मान हलकेच एका पंखाखाली दुमडायची आणि तसंच धरून हात सावकाश गोल गोल फिरवायचे. आधी पाय झाडतं. मग पाय थांबतात, बोटांखाली फडफडणारं काळीज संथ होतं, अंग जड लागतं. मान ज्या बाजूला दुमडली ती बाजू खाली करून गवतात निजवायचं आणि पाऊल न वाजवता मागे सरायचं. पाचदहा मिनिटं ते ढिम्म हलत नाही. हात किती वेळ फिरवायचा, याचं बुवांचं माप ‘पुरे वाटेपर्यंत’. मी रामरक्षेचे चार श्लोक म्हणते. माझी कबुतरं बुवांच्या कबुतरांपेक्षा जास्त वेळ झोपतात, हे त्यांनी घड्याळ लावून पाहिलं आणि हा मंत्र इंग्रजीत मिळेल का, असं विचारलं.

मग हे चिमणीला दोरावर घेऊन वाऱ्याच्या उलट्या अंगानं येतात. नाकाला वास लागतो तो क्षण बघायचा. धावता धावता तिचं डोकं फाटकन एका बाजूला वळतं, बाकीचं अंग अजून पुढेच चाललेलं असतं, आणि त्या वाकड्यातिकड्या अवस्थेतच ती थिजते. चारही पाय चार दिशांना, मान मागे. अशा वेळी कोणी ‘शाब्बास’सुद्धा म्हणायचं नाही. बुवा मागून जातात, एका बोटानं तिची शेपटी वर उचलतात, पाठीवरचे केस उलटे कुरवाळतात आणि तिला हळूच पक्ष्याच्या दिशेनं ढकलतात. गंमत अशी, की पुढे ढकललं की ती मागे रेटते, पाय आणखी रोवते. ज्याला थांबवायचं त्याला पुढे लोटायचं. ब्रेकवर आयुष्य काढलेले हे त्या दिवशी जेवताना गप्प होते.

झोपलेलं कबुतर संपलं की स्प्रिंगचा पिंजरा. त्यात कबुतर, वर गवत, आणि ह्यांच्या हातात रिमोट. चिमणी लांब थांबली तर ठीक. मोहानं एक पाऊल पुढे सरकली की हे बटण दाबतात, झाकण उघडतं आणि कबुतर भुर्रकन तिच्या डोक्यावरून घरी. ती बघत राहते. पुढे सरकलं की पक्षी जातो, हे ओरडून सांगायची गरजच नाही, पक्षी स्वतः सांगतो. माणसाचं काम बटण वेळेवर दाबायचं. ते काम ह्यांना अप्रतिम जमलं.

न जमलेलं काम तोंडाचं. ‘व्हो’ हा हुकूम. घोडागाडी थांबवायला इथले लोक पूर्वी हाच आवाज काढत. जमिनीवर एक बुटकी फळी. पिल्लाला तिच्यावर उभं करायचं, एकदा ‘व्हो’ म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. ते उतरलं तर रागवायचं नाही, बोलायचं नाही. उचलून पुन्हा त्याच फळीवर, पाय होते तिथेच पाय ठेवायचे. पुन्हा उतरलं, पुन्हा उचलायचं. जुन्या काळी गाण्याचे बुवा शिष्याकडून महिनोन्‌महिने नुसता षड्ज लावून घेत, राग मागितला की पुन्हा ‘सा’, तोच हा प्रकार. शेजाऱ्यांना ‘बुवा’ ही पदवी मी त्याच दिवशी दिली. त्यांचा ‘व्हो’ एकच, मध्यम आवाजातला, आणि त्यानंतर शांतता.

आमच्याकडचा ‘व्हो’ असा: “व्हो. व्हो व्हो. चिमणी, व्हो म्हटलं ना? अगं, व्हो! बघ, आता कशी छान उभी होतीस, का उतरलीस? व्हो!”

बुवा बराच वेळ कुंपणाला टेकून ऐकत होते. मग म्हणाले, “तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं. आता ती सहाव्याची वाट बघते.”

त्यांना आमच्या घरची रीत माहीत नाही. आमच्यात ‘पानं वाढलीयत’ ही हाक पाचव्यांदा दिल्याशिवाय दिल्यात जमा नसते. पहिल्या चार नुसत्या हवापाण्याच्या. अशा घरात वाढलेल्या माणसानं एकदा बोलून थांबायचं म्हणजे काय, हे अमेरिकन माणसाला कळायचं नाही. उपाय शेवटी मी काढला. धड्याच्या आधी ह्यांच्या तोंडात आलेपाकाची मोठी वडी. ती विरघळेपर्यंत फार तर एक शब्द बाहेर पडतो. चिमणी त्या आठवड्यात जी सुधारली, ती बघून बुवांनी माझ्याकडून वड्यांचा डबा मागून नेला. त्यांच्याकडे धडे घ्यायला येणाऱ्या इतर मालकांसाठी.

मिशिगनात १६ एप्रिल ते ७ जुलै कुत्र्यांना रानातल्या पक्ष्यांवर शिकवायला मनाई आहे. पक्षी अंड्यांवर आणि पिल्लांमागे असतात. त्या दिवसांत बंदुकीचा आवाज ओळखीचा करून घेतला. बंदुकीला बुजणारा कुत्रा जन्मत नाही, तो माणसं घडवतात, असं बुवांचं ठाम म्हणणं. कबुतर उडालं, चिमणी कान मागे टाकून त्याच्यामागे पळतेय, तिला जगाची शुद्ध नाही, अशा वेळी शेताच्या पार पलीकडच्या टोकाला शर्यतीच्या पिस्तुलाचा एक फुसका बार. तिनं वळूनही पाहिलं नाही. मग हळूहळू जवळून. आवाज झाला म्हणजे हवेत काहीतरी मजेचं आहे, एवढंच तिच्या डोक्यात बसलं. तरी चार जुलैला इथे रात्रभर दारूकाम चालतं, तेव्हा आम्ही खिडक्या लावून मोठ्यानं नाट्यसंगीत लावलं. दिवाळीत पुण्यातली अर्धी कुत्री पलंगाखाली असतात ती काही भित्री म्हणून नव्हे. त्या आवाजाचा कशाशी संबंध लावायचा, हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

प्लायवूडच्या कुत्र्याचं राहिलं. दुसरा कुत्रा पॉइंटवर उभा दिसला, की आपल्याला वास आलेला नसला तरी आपण आहोत तिथे थांबायचं, त्याच्या पुढे घुसायचं नाही, हा सेटरांचा शिष्टाचार. तो शिकवायला गवतात आडवी ठेवलेली प्लायवूडची आकृती दोरी ओढून उभी करतात. काळा-पांढरा रंग, शेपटी वर, डोळ्याच्या जागी एक खिळा. चिमणी त्या खिळ्यालाही मान देते. मी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीवर बरीच वर्षं होते. दुसऱ्याला काही सापडलंय म्हणून एखाद्यानं जागच्या जागी थांबावं, असा प्रसंग मला आठवत नाही. प्लायवूडचे सभासद मात्र होते.

मधल्या काळात तिनं फुलपाखरं, बागेतली नळी, शेजारच्या गावातल्या चर्चचा पितळी कोंबडा आणि मंडळाच्या सहलीत तंदुरी चिकनची शेगडी, एवढ्यांवर निर्दोष पॉइंट केला. एकदा स्कंकवर केला. त्या प्राण्याला थांबण्याची कदर नाही. त्याच्या फवाऱ्याचा वास ज्याला माहीत नाही तो सुखी. मी आधी डाळीचं पीठ लावून पाहिलं. पिठाची पिठलं होण्याची लायकी गेली, वास राहिला. खरा उतारा १९९३ साली पॉल क्रेबॉम नावाच्या रसायनतज्ज्ञानं दिलाय: हायड्रोजन पेरॉक्साइड, खायचा सोडा आणि भांड्यांच्या साबणाचे थेंब. ऐन वेळी कालवायचं आणि लगेच वापरायचं; बाटलीत भरून ठेवलं तर बाटली फुटते, म्हणून ते दुकानात विकत मिळत नाही.

सप्टेंबरात ती रानात गेली. बुवांच्या हातात बंदूक, ह्यांच्या हातात जीपीएस, माझ्या हातात थर्मास. चिमणीच्या गळ्यात पितळी घंटी. ॲस्पेनच्या दाटीत पंधरा पावलांवरचा कुत्रा दिसत नाही, म्हणून घंटी ऐकत चालायचं. ती कधी डावीकडे किणकिणते, कधी ओढ्यापलीकडे, आणि मधेच बंद पडते. घंटी वाजत असते तेव्हा पक्षी नसतो, बंद पडली की असतो. हे चष्मा कपाळावर सरकवून पडद्यावरचा बाण शोधतात, तोवर बुवा अर्ध्या वाटेवर गेलेले असतात. मग ग्राउज उठतो. त्याच्या पंखांचा आवाज छातीत बसतो. तो आता उठणार हे माहीत असूनही दचकायला होतं. बार होतो. बहुतेकदा फांद्या पडतात. बुवांचा नेम चांगला आहे, पण झाडांचा त्याहून चांगला. चिमणी मान वळवून त्यांच्याकडे जे बघते, तेवढ्या शब्दांत मी ह्यांच्याशी चाळीस वर्षांत बोललेले नाही.

कधी पक्षी पडतो. ती तो शोधते, हुंगते, आणि तिच्या लेखी प्रकरण संपतं. बुवा ओसरीत बसून पिसं काढतात तेव्हा मी तिकडे जात नाही. त्यांनी एकदा वाटा देऊ केला. मी नको म्हटलं आणि पुरणपोळ्या पाठवल्या. ही हत्या आहे हे मी नाकारत नाही, तेही नाकारत नाहीत. १९३७ च्या एका कायद्यानं अमेरिकेत शिकारीच्या बंदुका-काडतुसांवर ११ टक्के कर आहे आणि तो वन्यजीवांच्या कामी जातो. परवान्याचे पैसेही तिकडेच. ग्राउजला कोवळं ॲस्पेन लागतं, म्हणून कुठलं रान कधी तोडायचं याच्या बैठका होतात आणि बुवा एकही बैठक चुकवत नाहीत. हा हिशेब मला पटतो. आवडत नाही, पण पटतो.

मला आवडतं ते वसंतातलं काम. मिशिगनात १९६० च्या सुमारापासून स्वयंसेवक वुडकॉकच्या पिल्लांच्या पायांत कड्या घालतात. ही पिल्लं अंड्यातून निघाली की घरट्यात राहत नाहीत. आई उडाली की पाचोळ्यात दडून बसतात, आणि बसली की माणसाला दिसणं अशक्य. ती शोधायला पॉइंट करणारा कुत्राच लागतो, आणि तोही असा, की समोरची मादी पंख मोडल्याचं नाटक करत लंगडत फडफडत गेली तरी जागचा हलणार नाही. एक पाऊल चुकलं तर पिल्लू पायाखाली. त्यासाठी परवाना आणि परीक्षा असते, माणसाचीही आणि कुत्र्याचीही. बुवांकडे परवाना आहे. दोन वर्षांच्या रियाजानंतर चिमणी पास झाली. हेही त्यांच्याबरोबर जातात, तोंडात वडी घेऊन.

पिल्लाचं वय चोचीवरून काढतात. जन्मतः चोच साधारण १४ मिलिमीटर, आणि रोज दोन मिलिमीटरनं वाढते. मापातून १४ वजा करा, दोनानं भागा, निघाले दिवस. अँडी ॲमन नावाच्या मिशिगनच्याच पक्षितज्ज्ञाचं हे गणित. पहिल्यांदा ह्यांच्या तळहातावर पिल्लू ठेवलं तेव्हा चोच २८ भरली. “सात दिवस,” हे कुजबुजले, आणि पुढे काही बोलले नाहीत. बुवांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. तोंडात वडी नव्हती.

हे सगळं ज्ञान आता व्हिडिओ कॉलवरून कोथरूडला जातं. भाच्यानं लॅब्राडोर घेतलाय. ‘मामा, हा कसलाच शिकारी वाटत नाही, नुसत्या वस्तू उचलून आणतो,’ ही त्याची तक्रार. हे त्याला समजावत होते, की बाबा, तो तेच करायला जन्मलाय. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे. गार पाण्यात उड्या मारून दोर नि मासे आणायचे. पुढे इंग्लंडातल्या उमरावांनी त्यांना पडलेली बदकं आणायला लावलं, १९०३ साली केनेल क्लबानं जातीला मान्यता दिली. पडलेला पक्षी तोंडात धरून आणायचा, पण दात लागू द्यायचा नाही, ही खरी जातिवंत खूण. “त्याचं तोंड मऊ आहे का, ते बघ,” हे म्हणाले.

भाचा म्हणाला, बघायची गरज नाही, सोसायटीनं लेखी कळवलंय. रोज सकाळी दार उघडं सापडलं की हा खाली जातो, दुसऱ्या मजल्यावरच्या देशपांडेकाकूंच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी काढतो आणि तीन जिने चढून आणून देतो. पत्रात कलम दोनमध्ये असंही म्हटलंय, की पिशवी आजवर एकदाही फुटलेली नाही, तरी हे योग्य नव्हे.

ह्यांनी त्याला ते पत्र फ्रेम करून लावायला सांगितलंय.